मेंदू, मीठ आणि पाणी

"डॉक्टरसाहेब, आबा परवापासून काहीबाही बोलतात. वयाचंच असेल ना?" गेल्या उन्हाळ्यात सत्तरीच्या एका गृहस्थांना त्यांच्या मुलाने दवाखान्यात आणले. ताप नव्हता, साखर ठीक, रक्तदाबही ठीक. रक्तातील सोडियम मात्र 118 निघाले. निरोगी माणसात ते 135 ते 145 असते.

रक्तदाबासाठी त्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू होती. जोडीला त्यांनी जेवणातले मीठ पार सोडले होते आणि ऊन बाधू नये म्हणून तांब्यावर तांब्या पाणी पीत होते.

वाचकहो, आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तेथील पेशी रक्ताचा खारटपणा जणू सतत चाखत असतात. तो शेकडा एक-दोनने वाढला तरी पिच्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे रसायन रक्तात सुटते. त्यामुळे मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात, लघवी थोडी व गडद होते. त्याच सुमारास तहानही लागते. पाणी पोटात गेले की रसायन कमी होते. (दारूने वारंवार लघवी होते ती यामुळेच, दारू हे रसायन सुटू देत नाही.)

व्हॅसोप्रेसिनचे दुसरे काम रक्तवाहिन्या आवळण्याचे. जुलाब किंवा मोठा रक्तस्राव होऊन रक्ताचे आकारमान घटले, की हृदय व मोठ्या धमन्यांतील नसा मेंदूला वर्दी देतात. अशा वेळी मेंदू खारटपणाचा हिशेब बाजूला ठेवतो आणि आधी दाब सांभाळतो.

आबांचे नेमके हेच झाले होते. गोळीने मीठ बाहेर जात होते, वरून मिळत नव्हते. मेंदू पाणी राखा म्हणत होता आणि आबा आणखी पाणी पीत होते. रक्त पातळ झाले, मेंदूच्या पेशींत पाणी शिरून त्या फुगल्या आणि बोलण्यातला ताळमेळ गेला.

गोळी मीच लिहून दिली होती. दोन-तीन आठवड्यांत सोडियम तपासायला हवे होते, ते माझ्याकडून राहिले. आबांना रुग्णालयात ठेवून सोडियम हळूहळू वाढवावे लागले. घाईने वाढवले तर मेंदूलाच इजा होते. चौथ्या दिवशी त्यांनी नातवाला नावाने हाक मारली.

घरात कोणाला अशी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. सोडियम शेवटचे केव्हा तपासले, एवढे आपल्या डॉक्टरांना विचारा.