काळी, पांढरी आणि ड्रोन : भूमापनातील नवे तंत्रज्ञान

आपल्या ग्रामपरंपरेत गावच्या भूमीचे दोन भाग मानले जात : पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. हा भेद केवळ मातीच्या रंगाचा नव्हता. शेतसारा काळीवर बसे. म्हणून मोजणी झाली तीही मुख्यतः काळीचीच. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची मोजणी सुरू केली. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर ती नीरेच्या दक्षिणेस, लोणंदच्या बाजूलाही आली. साधन होते ३३ फुटांची साखळी. तिचे भाग सोळा आणे. साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. साखळी गेली, 'आठ आणे हिस्सा' ही बोली मात्र राहिली.

पांढरी बहुतांशी नकाशाबाहेरच राहिली. शेताला सातबारा असतो, गावठाणातील घराला नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद. तो मालकीचा पुरावा नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या नांदते घर असूनही ते तारण ठेवून कर्ज काढणे त्यामुळे अवघड होते.

लोणंदहून नीरा ओलांडली की पुरंदर तालुका लागतो. तेथील सोनोरी गावात राज्याच्या भूमी अभिलेख विभागाने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने ड्रोनद्वारे गावठाण मोजण्याचा प्रयोग केला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची 'स्वामित्व' योजना जाहीर झाली. लोणंद आता नगरपंचायतीचे गाव आहे. ही योजना भोवतालच्या ग्रामपंचायतींच्या गावांसारख्या ग्रामीण वस्त्यांसाठी आहे.

तिची कार्यपद्धती नीट पाहा. प्रथम ग्रामस्थांसमक्ष प्रत्येक मिळकतीची हद्द चुन्याने आखतात. मग ड्रोन एकमेकांवर चढणारी छायाचित्रे घेतो आणि त्यांतून मोजमापाचा नकाशा बनतो. अचूकतेसाठी 'कॉर्स' स्थानके उपयोगी पडतात. स्थानकाची जागा आधीच पक्की ठाऊक असल्याने उपग्रहाच्या संदेशातील चूक त्याला काढता येते. ती दुरुस्ती मोजणी यंत्राला मिळाली की काही मीटरांची चूक काही सेंटिमीटरांवर येते.

तरीही ड्रोनला छप्पर दिसते, हक्क दिसत नाही. एका आढ्याखाली दोन भावांच्या चुली असतील, वळचणीचे पाणी शेजारच्या बोळात पडत असेल, तर तेथे यंत्र मुके होते. म्हणून उड्डाणानंतर चौकशी अधिकारी कागद आणि वहिवाट तपासतो. मिळकत पत्रिका त्यानंतर तयार होते. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत निर्णायक वस्तू चुन्याची फक्की ही आहे. ती पडते त्या दिवशी मुंबईस नोकरीला असलेला भाऊ, सासरी नांदणारी बहीण किंवा घरातच असूनही न विचारली गेलेली विधवा यांचा शब्द कोण मांडणार? चुकीच्या जागी पडलेली रेघही यंत्र तितक्याच अचूकपणे टिपते.

स्वयंअध्ययनासाठी : आपल्या गावातील काळी-पांढरीशी निगडित दहा शब्द (उदा. शीव, बांध, परडे, वळचण) ज्येष्ठांना विचारून नोंदवा. त्यांपैकी कोणते ड्रोनच्या नकाशात दाखवता येतील आणि कोणते केवळ चौकशीतूनच कळतील, हे सकारण लिहा.