गाडीतला हॅम रेडिओ : आधी तार, मग सेट

गाडीत हॅम रेडिओ बसवायचं ठरलं की बोलणं सुरू होतं ते सेटबद्दल. कुठल्या कंपनीचा घ्यावा, किती वॉटचा, एका बँडचा की दोन. तारेबद्दल कुणी विचारत नाही. सेटच्या खोक्यात लाल-काळी तार येतेच, ती कुठेतरी जोडली की झालं, अशी समजूत असते. गाडीतल्या रेडिओच्या तक्रारी मात्र बहुतेक वेळा त्या तारेपाशीच जाऊन थांबतात.

पुण्यातल्या एका मित्राने परवाना हातात आल्यावर आपल्या छोट्या गाडीत दोन मीटर बँडचा, पन्नास वॉटचा सेट बसवून घेतला. काम दिलं गाड्यांना स्टिरिओ बसवणाऱ्या एका दुकानदाराकडे. त्याने स्टिरिओच्याच तारेला जोड देऊन रेडिओला वीज दिली. ऐकायला काही अडचण नव्हती. बोलण्यासाठी माइकचं बटण दाबलं की पाण्याची मोटर सुरू झाल्यावर घरातला दिवा उतरावा तसा डिस्प्ले मंद व्हायचा आणि सेट बंद पडायचा. तक्रार केल्यावर दुकानदाराने थेट बॅटरीपासून वेगळी तार ओढून दिली. पण फ्यूज ठेवला रेडिओजवळ, आणि इंजिनाकडून केबिनमध्ये येणाऱ्या पत्र्याच्या भोकातून तार तशीच आत घेतली. त्या भोकात रबरी बूश घातलं नव्हतं.

ताम्हिणी घाटातून कोकणात उतरताना मी त्याच्या शेजारी बसलो होतो. आधी जळक्या रबराचा वास आला, मग डॅशबोर्डखालून धूर. गाडी कडेला घेऊन त्याने बॉनेट उघडलं आणि पान्ह्याने बॅटरीचं टोक सैल केलं, म्हणून गाडी वाचली. हादऱ्यांनी पत्र्याची धार तारेच्या वेष्टणात घुसत गेली होती. तांबं गाडीच्या बॉडीला टेकलं आणि बॅटरीचा सगळा प्रवाह त्या एका जागेतून वाहू लागला. रेडिओजवळचा फ्यूज शाबूत होता. त्याच्यापर्यंत प्रवाह पोचलाच नव्हता.

फ्यूज असतो तारेसाठी. तो बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतराच्या आतच हवा, म्हणजे पुढे तार कुठेही घासली, दबली, कापली गेली तरी तो वितळेल. सेटसोबत मिळणाऱ्या तारेवर फ्यूज आधीच बसवलेले असतात. लांबी पुरावी म्हणून मधेच जोड देताना ते मूळ जागेवरून सरकतात आणि घोटाळा तिथे होतो. पत्र्यातून तार नेताना रबरी ग्रोमेट आणि वर पन्हाळी नळी, या दोन्ही वस्तू कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतात. त्या नसतील तर काम पुढे करू देऊ नये.

आता प्रवाहाचं गणित. पन्नास वॉटचा व्हीएचएफ सेट बोलताना साधारण १० ते १३ अँपिअर ओढतो, शंभर वॉटचा एचएफ, म्हणजे लघुलहरींचा, सेट २० ते २३. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो आणि त्यामागची तार बारीक असते. हातात धरायचा छोटा सेट चार्ज करायला हे सॉकेट ठीक आहे, त्यापुढे त्याच्या वाटेला जाऊ नये.

बारीक तारेचा दुसरा तोटा असा की ती वाटेतच दाब खाते. बॅटरी पुढे आणि सेट डिकीत असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तार लागते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत २० अँपिअरला जवळपास अडीच व्होल्ट गळतात. हीच तार सहा चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती साधारण ०.६ व्होल्टवर येते. बरेच सेट १३.८ व्होल्टला, पंधरा टक्के खाली-वर धरून चालतात, म्हणजे खालची हद्द ११.७ च्या आसपास. इंजिन बंद असताना पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट देते. त्यातून अडीच वजा केले की सेट बंद का पडतो हे वेगळं सांगायला नको. मित्राच्या रेडिओत कसलाही दोष नव्हता.

काळ्या तारेबद्दल जुनी पुस्तकं आणि आजच्या गाड्या यांच्यात फरक पडला आहे. पूर्वी दोन्ही तारा बॅटरीला जोडा, दोन्हींवर फ्यूज ठेवा, असं सांगत. त्याला कारण होतं. इंजिनाची अर्थिंगची पट्टी सैल झाली तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह रेडिओच्या काळ्या तारेतून परतीची वाट शोधतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत, विशेषतः सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांत, बॅटरीच्या ऋण टोकावर येणारी-जाणारी वीज मोजणारा सेन्सर असतो. रेडिओची काळी तार थेट त्या टोकाला जोडली तर सेन्सरचा हिशेब चुकतो. अशा गाडीत बॅटरीची जाड अर्थ केबल जिथे बॉडीला बोल्टने जोडलेली असते, तिथेच रेडिओची काळी तार लावावी. रंग खरवडून, लग दाबून, बोल्ट घट्ट आवळून. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी केबलींच्या जवळपासही हात नेऊ नये. त्यांत माणूस दगावेल इतका दाब असतो.

सेट कुठे ठेवायचा हा प्रश्न सोयीचा वाटतो, पण आधी सुरक्षेचा आहे. एअरबॅग उघडते ती निमिषार्धात. तिच्या वाटेत बसवलेला दीड किलोचा सेट सरळ प्रवाशाच्या अंगावर येईल. पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग छताच्या कडेला आणि पुढच्या खांबात असते, म्हणून त्या खांबातून केबल खेचण्याआधी गाडीचं मॅन्युअल वाचावंच. पुढचा छोटा पॅनेल वेगळा करता येणारा सेट घेतला तर पॅनेल चालकाच्या हाताशी आणि जड भाग सीटखाली राहतो. सीटखाली ठेवतानाही तो थेट गालिच्यावर नको. मुंबई-कोकणातल्या पावसात दाराच्या रबरातून आणि ओल्या चपलांतून आलेलं पाणी गालिच्याखाली साचतं आणि कित्येक दिवस सुकत नाही. लोखंडी पट्टीवर, जमिनीपासून चार बोटं उचलून बसवलेला सेट टिकतो.

अँटेनाची जागा छताच्या मधोमध. दोन मीटर बँडसाठी पाव तरंगलांबीची काडी सुमारे अर्ध्या मीटरची होते आणि तिच्याखाली चारी बाजूंना सारखा पसरलेला पत्रा असेल तर ती सगळ्या दिशांना सारखं काम करते. शिवाय प्रवासी आणि अँटेना यांच्यामध्ये पत्रा राहतो. चुंबकाची बैठक सोपी, पण तिच्याखाली धूळ अडकून रंग खरचटतो, म्हणून ती अधूनमधून उचलून पुसावी लागते. काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या छतावर चुंबक चिकटतच नाही.

एचएफची गोष्ट निराळी. सात मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबी दहा मीटरची. गाडीवर उभी राहते फार तर अडीच मीटरची काडी, बाकीची लांबी गुंडाळीने भरून काढायची. अशा अँटेनातून शंभरपैकी दहा वॉटसुद्धा हवेत न जाण्याची वेळ सहज येते. उरलेली शक्ती गुंडाळी तापवण्यात आणि जमिनीत जाते. म्हणूनच बॉनेट, दारं, डिकीचं झाकण, सायलेन्सरचा पाइप हे सगळे भाग तांब्याच्या विणलेल्या पट्टीने बॉडीला जोडायला अनुभवी हॅम सांगतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण महागडा सेट घेण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

अँटेना बसली की एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून शक्ती किती परत येते याचं माप, मोजल्याशिवाय पूर्ण शक्तीने बोलू नये. मीटरवर १.५ दिसलं तर फक्त चार टक्के शक्ती परत येते, ३ दिसलं तर पंचवीस टक्के. इतक्याला बहुतेक सेट स्वतःहून शक्ती कमी करतात, जुने सेट जळतातही.

मग येतो गोंगाट. इंजिनाच्या वेगाबरोबर चढ-उतार करणारी शिट्टी आली तर अल्टरनेटर आणि अर्थिंग तपासावं. कट-कट आवाज आला तर प्रज्वलन. सतत घरघर असेल तर सगळ्यात आधी मोबाइलचा चार्जर आणि डॅशकॅम उपटून बघावेत. स्वस्त चार्जर एचएफ बँडवर जो कचरा ओकतात, त्याच्यापुढे दुबळे सिग्नल ऐकूच येत नाहीत. तारांवर फेराइटची कडी चढवून बरंच काही सुधारतं.

उलट दिशेनेही त्रास होतो. रेडिओची शक्ती गाडीच्या संगणकात शिरू शकते. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सची विद्युतचुंबकीय चाचणी होते, पण ती कारखान्यातून आलेल्या गाडीची. मालकाने नंतर छतावर लावलेल्या अँटेनाची नाही. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, गाडी उभी ठेवून, इंजिन चालू करून, कमी शक्तीपासून सुरू करावी. प्रत्येक पायरीला डॅशबोर्डवरचे दिवे, स्टिअरिंग, वायपर बघावेत. एअरबॅगचा किंवा एबीएसचा दिवा लागला तर तिथेच थांबावं.

सेट बंद करायला विसरू नये हेही सांगायला हवं. नुसतं ऐकताना अर्धा अँपिअर जरी धरला तरी रात्रभरात सहा अँपिअर-तास जातात. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. शनिवार-रविवार गाडी उभी राहिली की सोमवारी सकाळी धक्का मारायची वेळ येते.

परवान्याबाबत ढिलाई नको. हॅमची परीक्षा आणि परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेच्या अखत्यारीत येतात. परवान्यावर केंद्राचा पत्ता असतो, म्हणून गाडीतून वापरण्याबाबतच्या अटी आणि लागणारी परवानगी सेट बसवण्याआधी पाहून घ्यावी. कागद गाडीत असावेत. नाक्यावरच्या पोलिसाला वायरलेस सेट दिसला तर तो विचारणारच, आणि त्याने विचारावंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरायच्या संपर्क साधनांचा वापर धोकादायक वाहन चालवण्यात मोडतो. माझं मत स्पष्ट आहे : चालकाने चालत्या गाडीत माइक उचलूच नये. शेजारी दुसरा परवानाधारक हॅम असेल तर त्याने बोलावं, नाहीतर गाडी थांबवावी.

एवढी खटपट कशाला, असं कुणी विचारेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत फोन लागेनासे झाले होते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांनी हॅम रेडिओवरून बाहेरच्या जगाशी संपर्क राखला, कारण त्या आधीपासून तिथे सेट घेऊन बसल्या होत्या. सह्याद्रीच्या घाटांत आजही मोबाइलला रेंज नसलेली वळणं आहेत. गाडीत इंधन आहे तोवर वीज आहे, आणि डोंगरावर चढून अँटेना उंचावता येते. संकटात असा सेट फार मोलाचा ठरतो, पण बटण दाबल्यावर तो चालू राहिला तर.

मित्राने पुढे सगळी तार उपटून नवी घातली, एका जुन्याजाणत्या हॅमला शेजारी उभं करून. ज्यांच्या गाडीत सेट आधीच बसलेला आहे, त्यांनी पावसाळ्याआधी एकदा बॉनेट उघडावं. फ्यूज बॅटरीपासून किती लांब आहे ते बघावं, पत्र्यातल्या भोकात बोट फिरवून रबर आहे का ते चाचपावं, आणि बोलताना सेटच्या मागच्या टोकांवर किती व्होल्ट राहतात ते मीटर लावून मोजावं. आकडा बाराच्या खाली जात असेल तर तार बदला.