न बोलता व्यक्त होणारा आदर

आदर जसा शब्दांनी, तसाच तो देहानेही व्यक्त होतो. हात जोडणे, मान लववणे, उठून उभे राहणे ही देहाची भाषाच होय. प्रत्येक समाजाने ती आपापल्या रीतीने घडविली आहे.

जपानमध्ये कमरेतून वाकून अभिवादन करतात. साधे अभिवादन सुमारे १५ अंशांचे, वडीलधाऱ्यांसाठी ३० अंशांचे, तर अत्यंत आदराचे किंवा क्षमायाचनेचे ४५ अंशांचे असते. थायलंडमध्ये तळहात जोडून मान लववितात, त्यास 'वाई' म्हणतात. लहानाने आधी हात जोडावेत, असा तेथील रिवाज आहे. आदर जितका अधिक, तितके हात वर. भिक्खूंना वंदन करताना अंगठे भुवयांच्या मध्याशी येतात.

परंतु एकच कृती आदराची असू शकते, तशी दास्याचीही. पूर्वी थायलंडमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सयाममध्ये, राजापुढे जमिनीवर लोटांगण घालावे लागे. ही प्रथा जुलमी आहे, असे जाहीर करून राजा चुलालोंगकोर्न यांनी ती १८७३ साली बंद केली. (पुढच्या शतकात ती दरबारात पुन्हा दिसू लागली.) त्याच देशातील उपासक विहारात गुडघे, हात व मस्तक टेकून बुद्धमूर्तीला पंचांग प्रणाम करतो. देहाची ठेवण बरीचशी सारखी. पण एक सक्तीची, दुसरी श्रद्धेची.

हा भेद आपल्या वाडवडिलांनी भोगलेला आहे. गावात त्यांना वाकून जोहार घालावा लागे. उलट कोणी हात जोडीत नसे. आज आपण 'जयभीम' म्हणतो, तेव्हा समोरचाही 'जयभीम' म्हणतो. समतेचा हाच अर्थ आहे.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त याच विषयावर प्रकाश टाकते. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडीत होता. भगवंतांनी त्याला सांगितले की, आईवडील, गुरू, पत्नी व मुले, मित्र, सेवक आणि श्रमण-ब्राह्मण याच खऱ्या सहा दिशा होत. शिष्याने गुरूला उठून मान द्यावा, गुरूने त्याला हातचे न राखता शिकवावे. सेवकाने इमानाने काम करावे, मालकाने त्याला शक्तीनुसार काम, अन्न, वेतन व आजारपणात शुश्रूषा द्यावी. कर्तव्य दोन्ही बाजूंचे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, गुरुजनांपुढे अवश्य उठून उभे राहा. तसेच सफाई कामगार, शिपाई किंवा वयाने लहान असलेल्याने हात जोडले, तर आपलेही हात जोडले जावेत.