उपेक्षित गोल्डफिशची शुश्रूषा

लहानशा काचपात्रात उपेक्षित राहिलेला गोल्डफिश उपासमारीने क्वचितच मरतो; त्याच्याच कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया त्याला मारतो. तरीही सर्व पाणी एकदम बदलू नये. जुन्या पाण्याला सरावलेल्या माशाला तो धक्का सोसत नाही. रोज चौथा हिस्सा बदलावा. नळाचे पाणी आधी 24 तास उघड्या बादलीत ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जाते. पहिले दोन दिवस खाद्य देऊ नये. पुढे सोललेला, उकडलेला वाटाणा थोडा द्यावा. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो; म्हणून नागपूरच्या उन्हाळ्यात हवेचा पंप आवश्यक आहे. अमोनियाचा निचरा करणारे जीवाणू वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. कंटाळून त्याला वाडीजवळच्या अंबाझरी तलावात मात्र सोडू नये. परका मासा स्थानिक माशांना रोग देऊ शकतो. एकावरची दया दुसऱ्यांच्या जिवावर बेतू नये.