बोलावणं पुन्हा यावं म्हणून

नाशिक जिल्ह्यातल्या सात हॉस्पिटलांत मी भूल देते, पण एकाच्याही हजेरीपटावर माझं नाव नाही. सर्जनचा फोन आला की गाडी काढायची, केस करायची, पेशंट शुद्धीवर आला की निघायचं. सकाळी नाशिकरोडला पित्ताशयाचं ऑपरेशन, दुपारी सिन्नरला सिझर, कधी रात्री दोनला पिंपळगाव बसवंतहून कॉल. अकरा वर्षं झाली. नोकरीत मिळाला असता त्याहून चांगला पैसा मिळाला, घर याच कामावर उभं राहिलं. नव्याने एमडी झालेली मुलं-मुली विचारतात, "मॅडम, यात पडावं का?" जरूर पडावं. काही गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या, म्हणून हे लिहिते.

1. आधी पगारावर राहा.
एमडीची तीन वर्षं संपली की लगेच बाहेर पडायचा मोह होतो. मी आणखी दोन वर्षं मोठ्या रुग्णालयात काढली. तिथे श्वासनलिकेत नळी जाईना तर हाक मारायला वरिष्ठ असतात. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये रात्री तुम्ही, सर्जन, एक सिस्टर आणि ओटीतले मामा. अवघड पेशंट हाताळायला चार जाणते भोवती असतानाच शिकून घ्या.

2. फीचं पहिल्याच भेटीत बोला.
बऱ्याच ठिकाणी सर्जनच्या फीच्या टक्क्यांवर आपली फी ठरते. पण रात्रीच्या कॉलचं काय? पॅकेजमधल्या केसचं? महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या केसचे पैसे कधी मिळणार? पोचल्यावर ऑपरेशन रद्द झालं तर? पहिल्या वर्षी मी "बघू नंतर" म्हणत राहिले आणि जे मिळेल ते घेत राहिले. आता हे सगळं एका कागदावर लिहून देते. त्यावरून कोणी रागावल्याचं मला आठवत नाही.

3. एका दारावर विसंबू नका, पण दोन दारी एकाच वेळी शब्दही देऊ नका.
"येते" म्हटलं की पेशंट उपाशी ठेवला जातो. घट्ट खाणं सहा तास आधी बंद, पाणी दोन तास आधी बंद. आपल्या उशिराची किंमत तो भुकेने आणि भीतीने मोजतो. जमणार नसेल तर दुसऱ्या भूलतज्ज्ञाचं नाव सुचवा. मी सुचवलेल्यांनी पुढे मलाही कामं दिली आहेत.

4. मशीन स्वतः तपासल्याशिवाय सुई हातात घेऊ नका.
एका गावी गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं. पेशंट टेबलावर, सर्जन हात धुऊन तयार. मी सक्शनच्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला. ओढच लागेना. पेशंटला उलटी झाली आणि ती घशातून खेचून काढता आली नाही, तर फुप्फुसात जाते. मी म्हटलं, "सक्शन सुरू झाल्याशिवाय भूल देणार नाही." सर्जन म्हणाले, "आजवर कधी काही झालं नाही." शेजारच्या हॉस्पिटलातून मशीन यायला दीड तास लागला. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण तिथले कॉल चार महिने बंद झाले. पुढे बोलावणं आलं तेव्हा ओटीच्या कोपऱ्यात नवं सक्शन मशीन होतं. चार महिन्यांची ती कमाई गेल्याची मला हळहळ नाही.

5. हिशेब रोजच्या रोज लिहा.
तारीख, पेशंट, केस, ठरलेली फी, आलेली फी. मोठी हॉस्पिटलं 10 टक्के टीडीएस कापतात, तो आपल्या खात्यावर जमा झाला का हे बघा. वर्षाची जमा 50 लाखांपर्यंत असेल तर प्रिझम्प्टिव्ह योजनेत डॉक्टरांना निम्मी रक्कम नफा दाखवून कर भरता येतो. रोखीची जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा 75 लाख आहे. ॲडव्हान्स टॅक्स 15 मार्चच्या आत भरायचा. भुलीच्या नोंदीची एक प्रत स्वतःकडे ठेवा. वैद्यकीय नोंदी तीन वर्षं जपण्याचा नियमच आहे.

6. पगार नाही, तर आधार स्वतः उभा करा.
पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. मनगट मोडून मी सात आठवडे घरी होते, त्या काळात एक रुपया आला नाही. तेव्हापासून सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवते. आरोग्य विमा आणि इन्डेम्निटी विमाही स्वतःचा काढा. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तक्रार झाली तर पाहुण्या डॉक्टरलाही उत्तर द्यावं लागतं.

7. झोप विकू नका.
दोन रात्री जागल्यावर तिसरा कॉल मी घेत नाही. औषधाची मात्रा दोनदा मोजावीशी वाटू लागली की घरी जायची वेळ झाली, असं समजते.

8. पेशंट जागा होईपर्यंत थांबा.
पुढची केस खुणावत असते, सर्जन हातमोजे काढून बाहेर गेलेले असतात. तरी थांबा. मी पेशंटच्या कानाशी वाकून विचारते, "ताई, नाव काय तुमचं?" नाव नीट सांगितलं, मान उचलून धरली, श्वास मोकळा चालला, की मगच बॅग आवरते. दुसऱ्या दिवशी त्या ताईंना माझा चेहराही आठवत नाही. पण मी थांबले होते, हे सिस्टरांनी आणि मामांनी पाहिलेलं असतं. पुढच्या खेपेला सर्जन विचारतात, "कोणाला बोलवायचं?" तेव्हा माझं नाव तेच सांगतात.