बाहुलीपाशी चुकून घे

नातेपुते

चि. सोनू,

परवा तू फोनवर म्हणालीस, "आत्या, स्किल लॅब म्हणजे नुसता बाहुल्यांचा खेळ. हजेरीपुरती जाते." तेव्हा मी गप्प बसले, पण ते मनातून जाईना.

शिकत होते तेव्हाची गोष्ट. रात्रीचं सिझर. बाई कळा देऊन देऊन थकलेली, बाळाचं डोकं खाली हाडांत पाचरीसारखं रुतलेलं. मी हात घातला आणि घाबरून मनगट तरफेसारखं वाकवलं. गर्भाशयाचा काप बाजूला फाटत गेला. रक्तात टाका कुठे घालायचा तेच दिसेना. सरांनी सावरलं, दोघं वाचली, पण माझं शिकणं त्या बाईच्या अंगावर झालं.

आणि मला पटवर्धन पद्धत तोंडपाठ होती गं! डॉ. पटवर्धन आणि डॉ. मोताशॉ यांनी 1957 साली मांडलेली. अडकलेल्या डोक्याच्या मागे लागायचंच नाही. आधी पुढचा खांदा काढायचा, मग दुसरा. काखांत बोटं घालून अलगद ओढायचं, मदतनिसाने वरून दाब द्यायचा. धड, कुल्ले, पाय बाहेर आले की शेवटी डोकं वर उचलायचं. परीक्षेत यावर पानभर लिहिलं होतं मी. हाताला मात्र त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

आमच्या वेळी बाहुली नव्हती. तुमच्याकडे 2019 च्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमापासून स्किल लॅब आली. तशी ही कल्पना जुनीच. अठराव्या शतकात फ्रान्समधली मादाम द्यू कूद्रे ही सुईण कापडाची बाहुली घेऊन गावोगाव बायकांना बाळंतपण शिकवत फिरली.

तेव्हा तिथे नुसती उभी राहू नकोस. हातमोज्यांना जेली लाव, हात निसटू दे. मैत्रिणीला खालून डोकं वर सारायला सांग, पण दोन बोटांनी टोचून नव्हे, सगळा पंजा पसरून. "डोकं अडकलंय, भूलतज्ज्ञांना सांगा, बाळाच्या डॉक्टरांना बोलवा" हे मोठ्याने म्हण. लाज वाटेल, वाटू दे. वेळेवर हाक मारणंही शिकावंच लागतं. गेलेलं रक्त मोजायची सवय लागावी म्हणून कुंकवाच्या पाण्यात मॉप भिजवून वजन कर. कोरं वजन वजा केलं की एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. सिझरमध्ये हजार मिली रक्त गेलं की धोक्याची घंटा, आणि नुसत्या नजरेला ते बहुतेकदा कमीच वाटतं.

तू इकडे यायचं म्हणतेस, म्हणून इतकं लिहिते. इथे रात्री दोनला मागे वळून पाहावं तर सीनियर नसतो. माउलींच्या पालखीचा मुक्काम गावात असला की पेशंटला घेऊन अकलूजकडे गाडी काढायची तरी माणसांतून वाट मागत जावं लागतं. टेबलावरच्या बाईला तेव्हा फक्त तुझे दोन हात असतात.

दिवाळीला ये. माजघराच्या कडीला दोरा बांधून ठेवते, डाव्या हाताने गाठ मारून दाखव.

तुझी,
आत्या