फलश्रुतीचा गूळ आणि गळाचं आमिष



दत्तजयंतीचा सप्ताह जवळ आला की माझ्या मोबाईलवर एक संदेश हमखास येतो. वर महाराजांचं चित्र आणि खाली मजकूर : हा संदेश अकरा जणांना पाठवा, तीन दिवसांत शुभवार्ता कळेल, पुसून टाकलात तर मोठं नुकसान होईल. आमच्या तरुणपणी हेच पोस्टकार्डावर यायचं. तेव्हा निदान अकरा कार्डं पदरच्या पैशांनी आणून हाताने लिहावी लागत, म्हणून पुष्कळ जण कंटाळून गप्प बसत. आता नुसतं बोटाचं काम. पाठवणारी माणसं आपलीच असतात, भाविक असतात. त्यांची टिंगल करायला हे लिहीत नाही. पण दोन ओळींत श्रद्धा, बक्षीस आणि शिक्षा तिन्ही कशी बसवली आहेत, हे ग्रंथ समोर ठेवून बघण्यासारखं आहे.

माणसाला वळवण्याचे उपाय म्हणजे साम, दाम, दंड, भेद, हे आपण बोलताना सहज म्हणतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ते राजाची पत्रं कशी लिहावीत त्या प्रकरणातही आलेले आहेत. नुसत्या सामाचे तिथे पाच प्रकार आहेत : समोरच्याचे गुण गाणं, नातं सांगणं, दोघांचा फायदा दाखवणं, पुढची आशा दाखवणं आणि ‘मी तुमचाच’ असं म्हणणं. बँकेत ३४ वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, ठेवी गोळा करण्याच्या मोहिमेत आम्ही हे पाचही वापरत होतो. थकबाकीदाराला पत्र जायचं तेव्हा आधी विनंती, मग जामीनदाराला कळवणं, मग वकिलाची नोटीस, असा क्रम असे. त्यात मला गैर वाटत नाही. व्याजाचा दर छापलेला असे, पत्राखाली सही-शिक्का असे आणि शंका आली तर माणूस काउंटरवर येऊन भांडू शके.

मग कोणी विचारील, आपल्या पोथ्यांच्या फलश्रुतीत तरी वेगळं काय आहे? संतती, संपत्ती, आरोग्य, सगळं कबूल केलेलं असतंच की. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर भागवताच्या एकादश स्कंधात, २१ व्या अध्यायात आहे. श्रीकृष्ण उद्धवाला सरळ सांगतात की फलश्रुती हे अंतिम कल्याण नव्हे. औषधाची गोडी लागावी तशी ती केवळ रुची लावण्यासाठी आहे. याच स्कंधावर नाथमहाराजांनी मराठीत टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत ती पूर्ण केली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे दत्तोपासक. म्हणजे हा विचार आपल्या घरातलाच आहे, बाहेरून कोणी आणलेला नाही. कडू काढा घेणाऱ्या पोराच्या हातावर आई गुळाचा खडा ठेवते. गूळ खोटा नसतो, पण गुण येतो तो काढ्याने, आणि तो पोराला येतो, आईला नाही.

त्याच स्कंधात, ७ ते ९ या अध्यायांत, अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. आपण ती यादी लहान मुलांकडून पाठ करून घेतो आणि तिथेच थांबतो. यातले कितीतरी गुरू फसलेले आहेत, हे लक्षात घ्या. मासा जिभेच्या चवीपायी गळाला लागतो. हरिण पारध्याच्या गाण्याला भुलतं. कपोताची पिलं जाळ्यात सापडतात, त्यांच्या मायेने मादी जाते आणि तिच्यामागून नर जातो. त्या दोघांना कुणी काही कबूल केलं नव्हतं की धमकावलं नव्हतं, नुसती माया पुरली. पिंगला तर आज येईल, उद्या येईल या आशेवर दाराशी मध्यरात्रीपर्यंत ताटकळत राहिली. आशा सोडली तेव्हा कुठे तिला सुखाची झोप लागली.

गूळ आणि आमिष दोन्ही जिभेला गोडच. आमच्या शाखेतला एक प्रसंग सांगतो. एक विधवा बाई मुदतठेव मोडायला आल्या. मुदत संपायला पाच महिने होते. परगावच्या कुणा ‘गुरुजीं’नी सांगितलं होतं की घरात दोष आहे, म्हणून मुलीचं लग्न अडलंय, अमावस्येच्या आत विधी झाला नाही तर मुलीवर बेतेल, आणि हे घरात कोणाला बोलायचं नाही. मी म्हटलं, “ताई, व्याज बुडेल, शिवाय दंड कापला जाईल. ठेवीवर कर्ज मिळतं, ते घ्या. पण आधी मुलीशी तर बोला.” त्या म्हणाल्या, “साहेब, केलं तर पैसेच जातील ना? पण नाही केलं आणि काही झालं तर?”

दोन ठेवींपैकी एक त्यांनी त्याच दिवशी मोडली.

त्यांचं ते वाक्य मी वाणिज्य शाखेच्या डोक्याने पुष्कळ वेळा तपासलं आहे. हिशेब वेडगळ नव्हता. विम्याचा हप्ता आपण याच विचाराने भरतो : थोडं जाईल, पण मोठं टळेल. फरक इतकाच की विमा विकणारा आपल्या घराला आग लावत नाही. इथे संकट आणि उपाय एकाच माणसाने विकले होते. हल्ली फोनवर ‘डिजिटल अटक’ म्हणून लुबाडतात, त्याची रीतही हीच. आधी धाक, मग सुटकेची आशा, आणि कोणाला सांगू नका ही अट. अशी अटक कायद्यात कुठेही नाही. फसगत झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावं.

श्रीगुरुचरित्राच्या ४७ व्या अध्यायातला गाणगापूरचा शेतकरी आठवा. विश्वास असेल तर शेत कापून टाक, असं श्रीगुरूंनी त्याला सांगितलं. पीक अजून कच्चं होतं. कोणी म्हणेल, त्या बाईंनी तरी दुसरं काय केलं? पण अध्याय सावकाश वाचा. नाही कापलंस तर वाटोळं होईल, असं श्रीगुरू म्हणालेले नाहीत. स्वतःसाठी त्यांनी पेंढीभरही मागितलेलं नाही. आणि शेतकरी गुपचूप विळा घेऊन गेला नाही. तो आधी अधिकाऱ्याकडे गेला, गेल्या वर्षीच्या दुप्पट धान्य देईन असं लिहून दिलं, परवानगी घेतली आणि मग कापणी केली. बायको-मुलं रडत होती, तीही त्याच्या समोरच. पुढे बाकी सगळ्यांची पिकं गेली आणि त्याचं शेत शतपटीने आलं, तो भाग आपण रंगवून सांगतो. मला मात्र हा लेखी करार जास्त मोलाचा वाटतो. दुसऱ्याचं देणं आधी सुरक्षित करून मग त्याने श्रद्धेपायी स्वतःचा हिस्सा पणाला लावला. बँकेत इतकं स्वच्छ खातं फार थोड्यांचं पाहिलं.

आणि यदुराजाचं काय? त्याने नम्रपणे विचारलं, अवधूताने सांगितलं. ऐकलंस तर राज्य वाढेल असंही नाही, ऐकलं नाहीस तर कोप होईल असंही नाही. राजाने पूजा केली, ती स्वीकारली, आणि अवधूत आला तसा निघून गेला.